छत्तीस किलोंची फळी

महिन्याची पहिली तारीख रविवारी आली होती, त्यामुळे कारखान्यात कामगार नव्हते, हे बरंच झालं. ताईनं आणि मिस्त्रींनी दोन टोकांना धरून फळी वजनकाट्यावर आडवी ठेवली आणि ताईनं डोळे मिटून घेतले. गेले सहा महिने ती असंच करत होती. डोळे मिटल्यानं वजन कमी होत नाही हे तिला ठाऊक होतं, पण उघडे ठेवूनही ते होत नव्हतं.

"किती, मिस्त्री?"

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "साडेछत्तीस."

"गेल्या महिन्यात छत्तीस होती."

"हो. अर्धा किलो वाढली." मिस्त्री काहीतरी धीर द्यावा म्हणून म्हणाले, "तब्येत सुधारतेय तिची."

ताईनं खडू घेतला आणि भिंतीवरच्या आकड्यांच्या रांगेत सर्वांत खाली ३६॥ लिहिलं. रांगेची सुरुवात बेचाळीसनं झाली होती. मग चाळीस, एकोणचाळीस, असं करत पहिल्या सहा-सात महिन्यांत गाडी छत्तीसवर आली आणि तिथे जी बसली ती बसलीच. शेजारी आजोबांच्या वेळची, त्याच मापाची, खडखडीत वाळलेली एक फळी खिळ्याला टांगली होती. तिचं वजन तीस. लाकूड वाळतं तसं हलकं होतं आणि सहा किलो पाणी काही केल्या त्या नमुन्याच्या फळीतून बाहेर पडायला तयार नव्हतं.

सभागृहाला करून दिलेल्या चाळीस खुर्च्या एकगठ्ठा परत आल्या, त्या वर्षी हे सुरू झालं. वखारीतून वाळलेलं म्हणून आणलेलं लाकूड ओलं निघालं होतं. खुर्च्या तयार झाल्यावर ते सावकाश सुकलं, आक्रसलं, आणि एकूण एक सांधा ढिला झाला. त्याच वर्षी वडील गेले आणि कारखाना थोरली म्हणून ताईच्या अंगावर आला. तिनं पहिला हुकूम काढला तो हा, की यापुढे ताजं कापलेलं लाकूड घ्यायचं आणि आजोबांसारखं आपल्याच शेडमध्ये वाळवायचं. फळीफळीत बोटभर जाडीची पट्टी ठेवून दोनशे फळ्यांची थप्पी लागली, आणि त्यातली एक नमुना म्हणून दर पहिल्या तारखेला तोलायचं ठरलं. तोवर दुरुस्तीची कामं करून दिवस काढायचे ठरले. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण मान डोलावायला त्या दिवशी कुणालाच काही कष्ट पडत नव्हते.

त्यानंतर तिनं काय काय केलं नाही? दर सोमवारी सकाळी कामगारांपुढे पाच मिनिटं बोलायची. सातव्या महिन्यात बोलण्यासारखं सगळं संपलं. आता तिनं वाक्य सुरू केलं की रंध्यावरचा माणूस ते पूर्ण करायचा. दाराशी एक फळा लावून त्यावर ती रोज 'आजची चांगली गोष्ट' लिहायची. पहिल्या वर्षी तिथे 'करवतीला नवं पातं आलं' किंवा 'शेडचं छप्पर नीट झालं' असलं काही असायचं. काल तिनं लिहिलं होतं, 'पंखा चालू आहे.'

"यंत्र लावून बघूया का पुन्हा?" मिस्त्रींनी विचारलं.

ओलावा मोजायचं एक यंत्र घरात होतं. ते खरंच काम करतं का हे पाहायला काकांनी आल्या दिवशी ते पाण्याच्या बादलीत बुडवलं होतं. तेव्हापासून ते सगळ्यालाच ओलं म्हणायचं, भिंतीलाही.

"नको," ताई म्हणाली. "घ्या, ठेवून देऊ. दहाला बैठक आहे."

दोघांनी फळी उचलून थप्पीच्या पुढच्या टोकाला तिच्या जागी ठेवली. काळपट आणि जराशी तुकतुकीत दिसत होती. आपल्याला इतका त्रास देणारी वस्तू दिसायला एवढी छान असावी याचा ताईला रागच आला.

*

बैठकीच्या बाबतीत आजोबांचे दोन नियम होते आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला नियम असा, की घरच्यांनी बसायचं ते गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या खुर्च्यांवर. आपण काय केलंय ते आपल्या बुडाला कळलं पाहिजे, असं ते म्हणत. दुसरा नियम मतदानाचा. कारखान्याचा प्रमुख जे मांडेल ते पटत असेल त्यानं बसून राहायचं, पटत नसेल त्यानं उभं राहायचं. बदलायचं झालं तर पुन्हा बसायचं.

सहा खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, सहाही सभागृहाच्या. काकांची डावीकडे कलायची. ताईच्या भावजयीची, म्हणजे बाईंची, पुढे झुकायची. मिस्त्रींना मताचा हक्क आजोबांनीच दिला होता. त्यांच्या खुर्चीची पाठ नुसती अडकवलेली होती, म्हणून ते चाळीस मिनिटं ताठ बसायचे आणि लोकांना ते फार करारी वाटायचे. आत्याची खुर्ची त्यातल्या त्यात बरी होती. तिचे गुडघे गेल्यापासून ती कुठल्याच बैठकीत उभी राहिलेली नव्हती. त्यामुळे गेल्या पंधरा वर्षांतले यच्चयावत निर्णय तिला पटले होते अशी नोंद होती.

धाकटा, म्हणजे ताईचा भाऊ, सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. चाळिशी उलटली तरी घरात तो धाकटाच. दुकान आणि गिऱ्हाइकं तो सांभाळायचा, म्हणजे शिव्या तो खायचा. 'कधी सुरू होणार नव्या खुर्च्या?' या प्रश्नाला त्यानं इतक्या तऱ्हांनी उत्तर दिलं होतं की आता लोक त्याला पाहून रस्ता ओलांडायचे. आज तर त्यानं एक आगाऊपणा करून ठेवला होता. वखारवाल्याला त्यानं आजच, अकरा वाजता, गाडी घेऊन यायला सांगितलं होतं.

"ताई, सरळ बोलतो," तो म्हणाला. "थप्पी विकून टाकू. वखारवाला आहे तशी उचलायला तयार आहे."

"ज्यानं आपल्याला ओलं दिलं, त्यालाच?"

"गावात वखार एकच आहे. त्याच्याशी रुसायचं तर दुसरी कुठून आणू?"

"आणि मग?"

"मग त्याच्याचकडून तयार लाकूड घेऊ आणि खुर्च्या करू. लोक करतातच ना? दोन वर्षं झाली, ताई. दोन वर्षं मी सांगतोय, लाकूड वाळतंय. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, झाड लावलंय का नुकतंच?"

काकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात बसवलं. काका पॉलिशचं खातं बघायचे. वडिलांचे धाकटे भाऊ म्हणून त्यांना मान होता. आयुष्यभर त्यांनी एकच धोरण पाळलं होतं, शेवटी जो बोलेल त्याचं बरोबर. यामुळे त्यांचं कुणाशी भांडण झालं नव्हतं आणि कुणाला त्यांचा उपयोगही झाला नव्हता.

"त्याचं म्हणणं बरोबर आहे, पोरी," ते म्हणाले. "थांबायला पण काही हद्द असते."

"काका, परवा तुम्हीच म्हणालात, उतावीळपणा केला की पस्तावायची वेळ येते."

"ते पण बरोबर आहे," काका म्हणाले. मग आपल्या मनात खरोखर जे होतं ते त्यांनी काढलं. "आणि माझ्या खात्यातलं जवसाचं तेल कमी होतंय, त्याचंही आज काहीतरी ठरवा. वर्षभर सांगतोय. डबा भरून ठेवावा, की आठवड्यात चार बोटं खाली."

"उंदीर असेल," धाकटा म्हणाला.

"झाकण लावलेला डबा उंदीर उघडतो, आणि पिऊन झाल्यावर परत लावतो?"

"काका, तेलाचं नंतर," ताई म्हणाली आणि उभी राहता राहता सावरून बसली, कारण उभं राहण्याला इथे अर्थ होता. "मी मांडते. थप्पी ठेवायची. पटत नसेल त्यानं उभं राहा."

धाकटा उभा राहिला. आखूड पायाची त्याची खुर्ची मागे खटकन वाजली. त्यानं बहिणीकडे न बघता बायकोकडे बघितलं.

बाई बसून होत्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना अख्खं घर बाईच म्हणायचं, रागावल्यावर नवराही. नवऱ्याच्या डोळ्यांकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, त्या भिंतीवरचे आकडे वाचत होत्या.

"ताई, मला तुमच्या बाजूनं बसायचंय," त्या म्हणाल्या. "मनापासून बसायचंय. पण शेवटचे पंधरा आकडे बघा. कमी होत असतं, अगदी पावशेरानं, तरी मी हिशेब मांडून तारीख काढून दिली असती. हे कमी होतच नाहीये. आज तर वाढलंय. याचं उत्तर येतं ते कधीच नाही." आणि त्या उभ्या राहिल्या, पण चेहरा असा, की जणू पेपरात चांगल्या मुलीला नापास करावं लागलंय.

दोन उभे म्हटल्यावर काका उठले. उठता उठता म्हणाले, "म्हणजे तसं मी तटस्थ आहे."

"मिस्त्री?" धाकट्यानं विचारलं.

"ताई बसल्यात तोवर मी बसलोय," मिस्त्री म्हणाले.

आत्या तर बसलेली होतीच. तीन विरुद्ध तीन. असं झालं तर प्रमुखाचं मत भारी, हेही आजोबाच सांगून गेले होते. धाकट्यानं सुस्कारा सोडला आणि वखारवाल्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात सुरू केली.

पांढऱ्या खडूनं लिहिलेल्या त्या रांगेकडे ताई बघत होती. मघाशी बाई म्हणाल्या ते तिला नवं नव्हतं, रोज पहाटे जाग आली की ती स्वतःला हेच सांगायची आणि मग उठून दुसरंच काहीतरी फळ्यावर लिहायची.

"मला पहिल्या तारखेची भीती वाटायला लागलीये," ती म्हणाली. आवाज साधाच होता. "तुम्हाला वाटतं मी हट्टी आहे. हट्ट केव्हाच संपलाय. नुसती सवय राहिलीये. सोमवारी मी त्यांच्यापुढे बोलते ना, तेव्हा मलाच माझा कंटाळा येतो. दोन वर्षं झाली हे खरं आहे. पुष्कळ झालं."

आणि ती उभी राहिली.

असं आजवर झालं नव्हतं. मांडणाराच स्वतःविरुद्ध उठला तर काय, याबद्दल आजोबांनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. मिस्त्रींनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, मग शब्द दिला होता म्हणून जड अंगानं तेही उठले. त्यांच्या खुर्चीची पाठ सुटून मागे पडली.

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. पण बहीण अशी हात लोंबकळत उभी राहिलेली त्यानं वडील गेले तेव्हाही पाहिली नव्हती. गोलात एकटी आत्या बसली होती आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"हा कोण?" ताईनं विचारलं.

"तोच," धाकटा खाली बघत म्हणाला. "मी अकराची वेळ दिली होती."

*

वखारवाला जाड, घामेजलेला आणि तोंडानं गोड होता. त्यानं थप्पीभोवती एक चक्कर मारली, एका फळीवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि घाईनं म्हणाला, "चला रे, भरा." भाव करताना ज्या माणसाला तास पुरत नाही, तो आज चहाही नको म्हणाला. चार हमाल कामाला लागले.

ताई आत निघून गेली होती. काका तेलाच्या डब्याला कुलूप शोधत होते. धाकटा गाडीपाशी उभा राहून उगाचच 'सावकाश, सावकाश' म्हणत होता.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या मनाला चैन नव्हतं. आपण आकडे बरोबर वाचले, उत्तर बरोबर काढलं, तरी कुठेतरी हातचा राहिला असं त्यांना वाटत होतं. वर्गात असं वाटलं की त्या पहिल्यापासून गणित तपासत. इथे पहिल्यापासून म्हणजे थप्पी लागली तो दिवस. तो त्यांना चांगला आठवत होता, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि त्यांनी हमालांना पाणी दिलं होतं. एका फळीला दोघं लागत होते, आणि प्रत्येक चार फळ्यांनंतर ते उकिडवे बसून धापा टाकत होते.

समोरून एक हमाल गेला. एकटा. खांद्यावर फळी, एक हात मोकळा, आणि तोंडानं शीळ. तो फळी ठेवून परत आला तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं.

"काय हो, जड नाही वाटत?"

"नाही बाई, मजेत."

"एकट्याला झेपतेय?"

"दोन पण नेल्या असत्या, पण शेठ म्हणाले नको, दिसायला बरं दिसत नाही."

"दिसायला म्हणजे?"

हमालानं वखारवाल्याकडे पाहिलं आणि आपल्याला बिडी ओढायची होती हे त्याला एकदम आठवलं.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात आवाज चढवला. "गाडी थांबवा. एकही फळी हलवायची नाही. मिस्त्री, ही काट्यावर घ्या."

"सौदा झालाय बाई," वखारवाला म्हणाला.

"वजन केल्यानं सौदा मोडत नाही. तुम्ही का घाबरता?"

फळी काट्यावर चढली. मिस्त्रींनी चष्मा खाली आणला, वर नेला, पुन्हा खाली आणला. "काटा बिघडलाय," ते म्हणाले.

"किती दाखवतोय?"

"एकतीस."

"दुसरी घ्या."

दुसरी पावणेएकतीस भरली. थप्पीच्या पोटातून काढलेली तिसरी सव्वाएकतीस. गाडीतून उतरवलेली चौथी पुन्हा एकतीस. आजोबांची टांगलेली फळी ठेवून पाहिली, ती तीसच्या तीस. काटा बिघडलेला नव्हता. बाईंनी आत जाऊन ताईला हाताला धरून ओढत आणलं, काट्यापुढे उभं केलं, आणि पाचवी फळी चढवायला लावली. या खेपेला ताईनं डोळे मिटले नाहीत.

"हे कसं शक्य आहे?" ती म्हणाली. "मग आपली नमुन्याची का वाळली नाही?"

नमुन्याची फळी अजून जागेवरच होती. सगळे तिच्याभोवती जमले. ती काळपट आणि तुकतुकीत दिसत होती, आणि आता उघड्यावरच्या उजेडात बाकीच्या करड्या, खरबरीत फळ्यांशेजारी ती फारच तुकतुकीत दिसत होती. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. चाळीस वर्षं त्यांचा त्या वासाशी संसार होता.

"जवसाचं तेल," काका म्हणाले. "माझं तेल."

"मिस्त्री, तुम्हाला वास नाही आला कधी?" धाकट्यानं विचारलं.

"भुशानं माझं नाक कधीच बंद झालंय, सगळ्यांना ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाले. "हाताला गुळगुळीत लागायची. मला वाटलं, लाकूड जातिवंत आहे."

"तेल मी लावते," आत्या म्हणाली.

ती आतल्या खुर्चीवरून उठून, काठी टेकत, केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं.

*

"तिला टोकाला भेग पडली होती," आत्या सांगू लागली. सगळे ऐकतायत म्हणून तिला जरा बरंही वाटत होतं, एरवी घरात तिचं बोलणं पंख्यासारखं चालू असायचं. "सहा-सात महिने झाले असतील तिला इथे येऊन, तेव्हा. माझ्या टाचेला पडतात तशी भेग. ही पोर रोज सकाळी तिच्यापुढे येऊन उभी राहायची. चहा न घेता. बाकीच्या फळ्यांकडे बघायची पण नाही. म्हटलं, हिचा सगळा जीव या एका फळीत आहे. ती जर फाटली तर हिचं कसं होणार? मग मी रोज दुपारी तेल लावायला लागले. तुम्ही सगळे जेवून लवंडता ना, तेव्हा. नीट चोळून लावायचं आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं, म्हणजे चिकट होत नाही."

"अक्का, पंधरा महिने?" काकांचा आवाज बारीक झाला. "रोज?"

"पहिल्या तारखेला नाही. त्या दिवशी तुम्ही तिला उचलून घेता, तिची दमणूक होते."

थप्पीतल्या एकशे नव्व्याण्णव फळ्या आपल्या मुकाट्यानं वाळत होत्या, कारण त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. आणि जिच्यावर घराचे बारा डोळे होते तिला रोज तेलाची मालिश मिळत होती. बाईंना इतकं हसू आलं की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

"आणि मी उंदराला नावं ठेवली," धाकटा म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला सुळी."

"उंदीर तू म्हणालास. मला पहिल्यापासून शंका होती," काका म्हणाले.

वखारवाल्याला यातली गंमत कळण्यासारखी नव्हती. "ते तुमचं घरचं," तो म्हणाला. "तुमच्या भावानं शब्द दिलाय. तुमची बैठक झालीये, सगळे उभे राहिलेत, मला त्यांनीच सांगितलं. आता माल माझा. माल भरल्याशिवाय मी इथून हलत नाही." आणि न हलण्याचा पुरावा म्हणून तो आत जाऊन गोलातल्या रिकाम्या खुर्चीत दाणकन बसला.

ती काकांची खुर्ची होती. तिच्यावर बसायची एक रीत होती, काकांना ती यायची. खुर्ची नेहमीप्रमाणे डावीकडे कलली, नेहमीच्या जागी थांबली नाही, चारही पायांचे सांधे एकेक करून सुटले आणि वखारवाला त्या लाकडांच्या ढिगावर अलगद येऊन टेकला.

सगळ्यांत आधी धावला तो धाकटा. त्यानं त्याला काखेत हात घालून उठवलं, त्याची पाठ झटकली, खाली पडलेला एक पाय उचलून त्याच्या हातात दिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "शेठ, बघा जरा. सांध्याचं भोक केवढं आणि त्यात बसायचं टोक केवढं. हे तुमच्याच वखारीतलं लाकूड. वाळलेलं म्हणून दिलेलं. अशा चाळीस आहेत, बाकीच्यांवर पण बसून बघता का?"

वखारवाल्यानं पायाकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि कंबर धरली.

"आणि बैठकीचं म्हणाल," धाकटा पुढे म्हणाला, "तर पुन्हा बसलं की ठराव बदलतो." तो आपल्या आखूड पायाच्या खुर्चीत बसला. बाई बसल्या. मिस्त्रींनी पाठ अडकवली आणि ताठ बसले. काकांची खुर्ची मोडली होती, ते खाली जमिनीवरच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मी काय पहिल्यापासून हेच सांगत होतो."

हमालांनी गाडीतल्या फळ्या उतरवून परत लावल्या. एकेकानं दोन दोन नेल्या, आता कसं दिसतंय याची काळजी नव्हती.

*

गाडी गेल्यावर शेडमध्ये ताई आणि आत्या दोघीच राहिल्या. ताईला आत्यावर रागवायचं होतं. पंधरा महिने तिची झोप गेली होती, कामगारांपुढे ती खोटं हसली होती, आज तर तिनं स्वतःच्या हातानं सगळं विकलं असतं. पण आत्या फळीच्या टोकाची ती भेग बोटानं चाचपत होती आणि भेग खरोखरच पुढे गेलेली नव्हती.

"चिडलीस?" आत्यानं विचारलं.

"हो."

"चीड. पण आधी काहीतरी खा, सकाळपासून तशीच आहेस."

ताई थप्पीला टेकून उभी राहिली. "आत्या, मघाशी सगळे उठले. मी पण उठले. तू नाही उठलीस. गुडघ्यांमुळे?"

"गुडघ्यांमुळे असतं तर आता इथवर कशी आले असते?"

"मग? आकडे तर तुलाही दिसत होते. दोन वर्षं झाली, फळी ढिम्म."

"मला वजनातलं काय कळतंय," आत्या म्हणाली. "पण तू थप्पी लावलीस त्या दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलंस, चोवीस महिने लागतील. मी तेव्हापासून मोजतेय." तिनं काठीचं टोक भिंतीवर टेकवलं आणि बेचाळीसपासून एकेका आकड्यावरून खाली आणलं. "वीस, एकवीस, बावीस. अजून दोन महिने आहेत की तुझे. आधीच कशाला उठू?"

ताईनं भिंतीकडे पाहिलं. बावीसच्या बावीस आकडे तिच्याच हाताचे होते. ते किती आहेत हे तिनं एकदाही मोजलं नव्हतं. एकतीस किलोच्या फळ्यांना अजून एक किलो उतरायचं होतं, आणि हातात नेमके दोन महिने होते. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. आत्यानं तेलकट फडकं पुढे केलं, ते तिनं घेतलं आणि त्यानंच डोळे पुसले.

मग तिनं साडेछत्तीसचा आकडा पुसून टाकला आणि तिथे एकतीस लिहिलं.

"आता उद्यापासून तेल कुणाला लावू?" आत्यानं विचारलं. "मला दुपारची झोप येत नाही."

दाराबाहेर काकांनी डब्याला कुलूप लावल्याचा आवाज आला. ताई फळ्यापाशी गेली, 'पंखा चालू आहे' पुसलं आणि काय लिहावं याचा विचार करत बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिनं लिहिलं, 'आत्या बसून होती.'